आफ्रिकेतल्या खेड्यातल्या बाईला बाहेरचं कर्ज हवं की गटाची पेटी?

सरोवरकाठ (धागा)

गेल्या आठवड्यात इथे कुणीतरी विचारलं होतं की 'कीवा' या छोटी कर्जं देण्याच्या संकेतस्थळावरून आफ्रिकेतल्या खेड्यातल्या एखाद्या बाईला पंचवीस डॉलर उसने दिले तर तिच्या पदरात खरंच काही पडतं का. 'छान उपक्रम', 'मीही देतो' असे चार प्रतिसाद आले आणि विषय मिटला. मला तो तिथे मिटू द्यायचा नाही, म्हणून हा वेगळा धागा.

मी केनियात किसुमूला राहते, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी. आरोग्याच्या एका प्रकल्पात काम असल्यामुळे आसपासच्या मासेमारी किनाऱ्यांवर आणि बाजारगावांत सतत जाणं होतं. माझं मत आधीच सांगते, मग खुशाल भांडा. गावातल्या बाईच्या धंद्याला बाहेरून आलेलं, दर आठवड्याला हप्ता भरायचं कर्ज बसत नाही. तिला आधी स्वतःची बचत सुरक्षित ठेवायला जागा हवी. कर्ज द्यायचंच असेल तर ते तिच्या हंगामाप्रमाणे फेडता आलं पाहिजे आणि तिच्याच हातात राहिलं पाहिजे. व्याजाचा दर मी या दोन्हींच्या नंतर ठेवते.

ओमेनाचं उदाहरण देते. ओमेना ही बोटभर लांबीची चंदेरी मासळी. रात्री सरोवरात दिवे लावले की उजेडाला गोळा होते, म्हणून अंधाऱ्या रात्री जाळी भरून येतात आणि पौर्णिमेच्या आसपास हाती फारसं काही लागत नाही. बाया पहाटे होडीवरच माल घेतात, किनाऱ्यावर जुनी जाळी अंथरून त्यावर तो वाळत घालतात. पावसाची सर आली की सगळ्या धावत सुटतात. भिजलेला ओमेना माणसांच्या बाजारात कुणी घेत नाही, मग तो कोंबडीखाद्यासाठी मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. त्यातच एप्रिल ते जुलै ओमेनाची मासेमारी सरकारनेच बंद ठेवलेली असते.

आता या बाईला कर्ज मिळालं आणि पुढच्याच आठवड्यापासून सारख्या रकमेचा हप्ता सुरू झाला. अमावास्येच्या आठवड्यात ती हसत भरते. पौर्णिमेच्या आठवड्यात शेजारणीकडून उसने घेते. एप्रिलनंतर काय करते? मी पाहिलंय. गटातल्या बाकीच्या बाया, ज्या तिला जामीन राहिलेल्या असतात, तिच्या घरी येतात आणि कोंबड्या, पातेली, गादी जे मिळेल ते उचलून नेतात. संस्थेचा माणूस रस्त्यावर मोटारसायकलवर बसून असतो. वसुली पूर्ण झाल्याची नोंद होते आणि त्या दोन घरांचं बोलणं कायमचं बंद होतं.

उलट नायजरमध्ये, मरादीच्या भागात, १९९१ साली 'केअर' या संस्थेने बायकांचे बचतगट बांधले. त्यात बाहेरचा पैसा घातलाच नाही: बायकांनी आपलीच बचत एका पेटीत साठवायची आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज द्यायचं. तीच पद्धत आज आफ्रिकेच्या बऱ्याच देशांत दिसते. मला पैसे तिथे घालावेसे वाटतात: गट बांधायला, हिशेब शिकवायला.

माजी शाखाधिकारी

ताई, कळकळ पोचली, पण मुद्दा पटला नाही. सरकारी बँकेत नोकरी झाली, त्यात बरीच वर्षं ग्रामीण शाखांत. एका गावातल्या वीस-पंचवीस गरीब बायकांनी आपापसात पैसे फिरवले तर गावात नवा पैसा येतो कुठून? सगळ्या एकाच सरोवरावर, एकाच पावसावर जगणाऱ्या. एप्रिलमध्ये मासेमारी बंद झाली की सगळ्यांनाच एकदम पैसे लागणार आणि पेटीत टाकायला एकीच्याही हातात काही नसणार. जिथे पीक बुडालेलं नाही तिथल्या ठेवी बुडालेल्या गावापर्यंत आणणं हे बँकेचं काम आहे. ते पेटीला जमणार नाही.

हप्त्याबद्दल. शिस्त नसेल तर कर्ज बुडतं, आणि एका गावात बुडालं की पुढच्या गावाला मिळत नाही. पातेली उचलून नेणं निषेधार्हच आहे, ते करणाऱ्यांवर कारवाई व्हायला हवी. पण दोष वसुलीच्या पद्धतीचा आहे. तो कर्जाच्या माथी कशाला?

आणि या गटांत व्याज किती असतं तेही सांगा. मी वाचल्याप्रमाणे महिन्याला पाच ते दहा टक्के. आमच्याकडे याला सावकारी म्हणायचे.

गटसखी

मी बीड जिल्ह्यात बचतगटांचं काम करते, आधी गटाची सचिव होते, आता प्रभागात फिरते. दोघांच्याही मधलं बोलणार आहे, दोघांनी रागावू नये.

आपल्याकडे पंचसूत्री आहे: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. हा क्रम कुणी ऑफिसात बसून काढलेला नाही, तो अनुभवातून आलाय. आधी बायका आपलाच पैसा आपल्यात फिरवतात. त्यातून कळतं कोण वेळेवर देते, कोणाच्या घरी नवरा पैसे काढून घेतो, कोणाला मशिन घेऊन द्यावं आणि कोणाला फक्त दवाखान्यापुरते द्यावे. मग बँक येते. नाबार्डने १९९२ साली गट आणि बँक जोडायला सुरुवात केली ती याच विचाराने. गट मुरल्याशिवाय बँकेचा पैसा आला की गट फुटतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण साहेबांचं एक म्हणणं खरं आहे. पेटीवरच थांबलं तर बाई शेळीपर्यंत पोचते, गाईपर्यंत नाही. आमच्या बायकांना दुधाचा धंदा उभा करता आला तो बँकेच्या रकमेवर.

सरोवरकाठताई, तिकडे गट मुरल्यावर बँक येते का?

आकडेमोड

अर्थशास्त्राचा विद्यार्थी, पुणे. आता दोन्ही बाजूंना न आवडणारं लिहितो.

२०१५ मध्ये सहा देशांतल्या सूक्ष्मकर्जाच्या, म्हणजे गरिबांना दिलेल्या छोट्या कर्जांच्या, प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र प्रसिद्ध झाले: बोस्निया, इथियोपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को. यातले इथियोपिया, मंगोलिया आणि मोरोक्कोचे प्रयोग खेड्यांतले होते. चिठ्ठ्या टाकून काही गावांना, वस्त्यांना किंवा अर्जदारांना कर्जाची सोय दिली, काहींना नाही, आणि नंतर तुलना केली. निघालं असं की धंदे थोडे वाढतात, लोकांना पैशाची हाताळणी थोडी मोकळी होते, पण गरिबी हटल्याचा पुरावा नाही. सर्वनाश झाल्याचाही नाही. म्हणजे कर्जाच्या जाहिरातीत जे सांगतात ते खरं नाही, आणि सरोवरकाठ यांनी रंगवलेलं चित्र सरासरीचं नाही.

पेटीचं काय? घाना, मलावी आणि युगांडात या बचतगटांचा असाच मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बायकांची बचत वाढली, कर्ज मिळण्याची सोय वाढली, घरच्या धंद्यांना थोडा हात मिळाला, घरात त्यांच्या शब्दाला वजन आलं. पण कुटुंबाचा एकूण खर्च, म्हणजे खाणंपिणं आणि राहणीमान, यात सरासरी फरक दिसला नाही. पेटीला बाहेरच्या कर्जाइतकंच कठोरपणे तपासायला हवं.

धाग्यातली एक गोष्ट मात्र अभ्यासात ठळक दिसते, 'तिच्याच हातात राहावं' ही. युगांडात ब्रॅक या छोटी कर्जं देणाऱ्या संस्थेच्या कर्जदार बायकांवर एक प्रयोग झाला. काहींना नेहमीप्रमाणे रोख रक्कम दिली, काहींना त्यांच्या स्वतःच्या मोबाईल मनी खात्यावर. कर्ज तेवढंच, अटी त्याच. आठ महिन्यांनी खात्यावर पैसे मिळालेल्या बायकांचा नफा रोख घेणाऱ्यांपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त आणि धंद्यातलं भांडवल ११ टक्के जास्त निघालं. रोख पैसा घरात आला की तो दिसतो, आणि दिसला की मागणारे येतात.

सरोवरकाठ

@गटसखी, बँक क्वचित येते. सरकारचा महिला उद्योग निधी २००७ पासून आहे, नोंदणीकृत गटांना व्याज न लावता, फक्त प्रशासकीय शुल्क घेऊन कर्ज देतो. तो चांगला आहे. पण नोंदणी, खातं, अर्ज आणि तालुक्याच्या गावी खेपा यांतून पार पडणारे गट बहुतेक रस्त्यालगतचे असतात.

@माजी शाखाधिकारी, व्याजाचं उत्तर देते, पण त्याआधी बैठक कशी चालते ते ऐका.

लोखंडी पेटी, तिला तीन कुलपं. किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे, पेटी चौथीच्या घरी. बायका क्रमांकानुसार गोल बसतात. पेटी उघडण्याआधी सगळ्यांना विचारतात, मागच्या वेळी शिल्लक किती होती? सगळ्या एका आवाजात आकडा सांगतात, तो पाठ ठेवलेला असतो. जिला अक्षर येत नाही तिलाही गटाचा हिशेब तोंडी येतो. मग एकेक जण पुढे येऊन आपले हिस्से घेते, कमीत कमी एक, जास्तीत जास्त पाच. जितके हिस्से तितके शिक्के तिच्या पुस्तिकेत उमटतात. आजारपण, मयत अशा अडचणींसाठी वेगळी पिशवी असते, तिच्यावर व्याज नाही. जमलेल्या पैशांतून तिथेच सगळ्यांसमोर कर्ज वाटतात. नऊ-बारा महिन्यांनी पेटी पूर्ण रिकामी करतात आणि व्याजासकट सगळं हिस्स्यांप्रमाणे वाटून टाकतात. म्हणून पैसा साठून कुणाची नियत फिरावी इतका वेळच मिळत नाही.

आता व्याज. हो, महिन्याला पाच ते दहा टक्के असतं. पण सावकार ते व्याज घेऊन जातो, इथे ते वर्षाअखेरी त्याच बायकांच्या ओटीत परत येतं. शिवाय बरेच गट वाटपाचा महिना विचार करून ठरवतात, शाळेची फी भरायची वेळ किंवा बियाणं-खत घ्यायची वेळ. कोणत्या बँकेने हप्त्यांची तारीख बाईला विचारून ठरवली?

@आकडेमोड, राहणीमान वाढलं नाही हे मान्यच करायला हवं, आकडे आहेत. पण तुम्हीच लिहिलंत की घरात शब्दाला वजन आलं. मला ती लहान गोष्ट वाटत नाही. आणि पेटी सुरू करायचा खर्च बघा: एक पेटी, तीन कुलपं, शिकवणाऱ्या बाईचा काही महिन्यांचा मेहनताना. त्यानंतर गट स्वतः चालतो. कर्ज देणारी संस्था कायमची पोसावी लागते, आणि तो खर्च बाईच्या व्याजातून निघतो. 'कीवा'वर देणाऱ्याला व्याज मिळत नाही हे खरं, पण तिथली स्थानिक संस्था बाईकडून ते घेतेच.

माजी शाखाधिकारी

बैठकीचं वर्णन वाचून आनंद झाला, पण व्याजाच्या उत्तरात एक पळवाट आहे. व्याज कोण भरतं? जिला कर्ज घ्यावं लागतं ती, म्हणजे त्यातल्या त्यात गरीब. वाटपात जास्त कोणाला मिळतं? जिच्या पुस्तिकेत दर बैठकीला पाच शिक्के पडतात ती. मग 'त्याच बायकांना' कसं? एक शिक्केवाली भरते आणि पाच शिक्केवाली घेऊन जाते. गटातल्या गटात गरिबाकडून बऱ्या घराकडे पैसा सरकतो. ज्या बँकेचं व्याज यापेक्षा कमी आहे ती या बाईच्या जास्त भल्याची.

नैरोबीकर

हा मुद्दा मीही मांडणार होतो. त्यात भर घालतो.

मी नैरोबीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. एम-पेसा, म्हणजे मोबाईलवरून पैसे पाठवायची सेवा, मार्च २००७ मध्ये सुरू झालं, आणि या देशात खेड्यातल्या बाईसाठी त्याने जेवढं केलं तेवढं कुठल्याच गटाने केलं नाही. २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार एम-पेसामुळे सुमारे १,९४,००० कुटुंबं गरिबीतून वर आली आणि सुमारे १,८५,००० बायका शेती सोडून व्यापारधंद्याकडे वळल्या. आणि हे फक्त पैसे पाठवायची आणि ठेवायची सोय झाल्यामुळे. सरोवरकाठ, तुमच्या पेटीला सगळ्यांनी एका वेळी एका झाडाखाली बसावं लागतं. भाजी विकणाऱ्या बाईचा अर्धा दिवस त्यात जातो. फोन तिच्या कनवटीला असतो.

आणि गटाचा भार कुणी पाहिलाय? मयताला जा, बारशाला जा, उशीर झाला तर दंड भरा, भांडणं सोडवा. एकीला तो आधार वाटतो, दुसरीला फास. फोनवर कर्ज घेताना कुणाचं तोंड बघावं लागत नाही.

शेवटचं, आणि यावर मला खरंच उत्तर हवं आहे. तुम्ही ओमेनाचं लिहिलंत पण एक गोष्ट वगळलीत. सरोवराकाठी 'जाबोया' नावाची रीत आहे. होड्या पुरुषांच्या, मासळी विकणाऱ्या बाया. मासळी कमी आणि घेणाऱ्या जास्त झाल्या की होडीवाला आपल्याशी शय्यासोबत करणाऱ्या बाईलाच माल देतो. एचआयव्हीने त्या पट्ट्यात जो हाहाकार केला त्यात या रीतीचा वाटा आहे, आरोग्याच्या कामातल्या तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. यातून सुटायचं तर होडी बाईची हवी. पेटीतून ओमेनाचं पोतं येईल. होडी येणार नाही. मग ती बाई बाहेरच्या कर्जाशिवाय काय करणार?

गटसखी

नैरोबीकर, फोनवरच्या कर्जाचं इकडेही पाहिलंय. ॲपवर दोन मिनिटांत पैसे येतात आणि मग सगळ्या नातेवाइकांना फोन जातात. माझ्या प्रभागातल्या एका मुलीच्या सासऱ्यांना रात्री फोन आला होता. कुणाचं तोंड बघावं लागत नाही म्हणता, पण त्या एका फोनने घरातल्या प्रत्येकाचं तोंड बघणं तिला अवघड झालं.

तुमच्याकडे त्यांचं व्याज किती असतं ते पण लिहा.

सरोवरकाठ

व्याज मी लिहिते. २०१२ च्या अखेरीस सुरू झालेल्या एम-श्वारी या फोनवरच्या कर्जसेवेत महिन्याच्या कर्जाला साडेसात टक्के शुल्क. मुदत एक महिना. म्हणजे साहेबांनी ज्याला सावकारी म्हटलं त्याच पट्टीतलं, आणि इथे वर्षाअखेरी वाटप नाही. मग खासगी ॲप आली, थकबाकीदारांची नावं कर्जदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांकडे गेली. रक्कम अगदी लहान, पण नाव काळ्या यादीत, त्यामुळे पुढे मोठं कर्ज मिळणं बंद. केनियाच्या मध्यवर्ती बँकेला २०२० मध्ये अशा अनियंत्रित कंपन्यांना नावं कळवायला मनाई करावी लागली, आणि २०२२ मध्ये डिजिटल कर्ज देणाऱ्यांसाठी नियम आणावे लागले. २०२२ च्या नोव्हेंबरात सरकारने 'हस्लर फंड' काढला. व्याज वर्षाला आठ टक्के, उत्तम. पण सुरुवातीच्या वैयक्तिक कर्जाची मुदत चौदा दिवस! चौदा दिवसांत कोणती कोंबडी अंड्यावर येते, कोणता मका तयार होतो? हे कर्ज शहरातल्या चहावाल्याच्या चालीचं आहे. माझा मूळ मुद्दा हाच होता.

पण फोनमध्ये पैसे ठेवण्याला माझा विरोध नाही. उलट बुसियाजवळ बुमाला नावाच्या बाजारगावात एक प्रयोग झाला, त्यात कर्ज नव्हतंच. बाजारात बसणाऱ्या बायांना साधं बचत खातं उघडून दिलं, ज्याला व्याज नाही आणि काढताना शुल्क. तरीही बायांनी त्यात पैसे ठेवले आणि त्यांची धंद्यातली गुंतवणूक वाढली. सायकलवर प्रवासी नेणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत तसं दिसलं नाही. उलट शुल्क भरून पैसे लपवायला बाई तयार होते, यावरून तिला नेमकं काय हवं ते कळायला हवं.

होडीबद्दल स्वतंत्र लिहिते. तो प्रश्न घाईत उडवायचा नाही.

कोरडवाहू

इतका वेळ वाचत होतो. सगळे कर्जाचा आकार मोजताय, पण बाईलाच का कर्ज, हे कुणी विचारत नाही?

काँगो लोकशाही प्रजासत्ताकात, किन्शासाच्या काँगोत, विवाहित बाईला धंद्यासाठी नवऱ्याची संमती लागायची. ती अट कौटुंबिक कायद्यातून २०१६ मध्ये गेली. लेसोथोत २००६ पर्यंत विवाहित बाई कायद्याने अज्ञान, म्हणजे अल्पवयीन मुलासारखीच, धरली जायची. जमीन बापाची, मग नवऱ्याची, मग मुलाची. अशा बाईकडे तारण काय असणार? मग शेजारणींना तारण करायचं आणि त्याला सबलीकरण म्हणायचं. सिएरा लिओनमध्ये तर उसने घेतलेले पैसे फेडता आले नाहीत म्हणून छोटा व्यापार करणाऱ्या बायांवर फौजदारी खटले भरले गेले, त्यासाठी १९१६ सालचा ब्रिटिशांचा कायदा वापरला गेला. पोरं घरी आणि आई कोठडीत.

आपल्याकडे २०१० मध्ये आंध्रात काय झालं ते आठवा. एकेका बाईला चार-चार संस्थांची कर्जं, एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून. आत्महत्या झाल्या, सरकारला अध्यादेश काढावा लागला.

सरोवरकाठ, तुमची पेटीसुद्धा या भानगडीतून सुटलेली नाही. ओझं बाईवरच आहे. रस्ता हवा, वाळलेली मासळी ठेवायला गोदाम हवं, दवाखाना फुकट हवा, जमिनीवर नाव हवं. हे सरकारने करायचं काम आहे. ते न करता बाईला पाच शिक्के मारायला बसवायचं, याला माझा विरोध आहे.

माजी शाखाधिकारी

कोरडवाहू, रस्ता आणि गोदाम होईपर्यंत बाईने काय करायचं? पुढच्या महिन्याची फी तर भरायची आहे.

गोदामाचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण योजना आहे, नव्वदच्या सुमारापासून. काढणीच्या वेळी भाव पडलेला असतो. शेतकरी माल गोदामात ठेवतो, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घेतो, घरची गरज भागवतो आणि भाव चढला की माल विकून कर्ज फेडतो. यात आठवड्याचा हप्ता नाही. पीक कर्जालाही नाही, ते हंगामानंतर फेडायचं असतं. म्हणजे हंगामाला बांधलेलं कर्ज देणं बँकांना येतं, पिढ्यानपिढ्या देतायत. फक्त ते जमीन नावावर असलेल्या पुरुषाला मिळतं. ते बाईला द्या असं माझं म्हणणं आहे, आणि पेटीने ते कधीच होणार नाही.

आकडेमोड

साहेबांनी सांगितलं तेच केनियात तपासून झालं आहे. बुंगोमाच्या भागात वन एकर फंड या संस्थेने शेतकऱ्यांना काढणीच्या वेळी कर्ज दिलं, म्हणजे मका लगेच विकावा लागू नये. मका ठेवला, पुढे भाव वाढल्यावर विकला. गुंतवणुकीवर सुमारे २९ टक्के परतावा निघाला. तिथे शेतकरी काढणीनंतर मका स्वस्तात विकतात आणि काही महिन्यांनी तोच मका बाजारातून गोरोगोरोने, म्हणजे दोन किलोच्या डब्याने, महाग विकत घेतात.

झांबियात, चिपाटाच्या भागात, त्याहून साधं केलं. जानेवारीत, जेव्हा कोठार रिकामं असतं आणि शेतात काम सर्वांत जास्त असतं, तेव्हा कुटुंबांना २०० क्वाचा (तिथलं चलन) किंवा मक्याची तीन पोती दिली, फेड काढणीनंतर. एरवी माणसं त्या महिन्यांत पोटासाठी दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात आणि स्वतःचं शेत तणात राहतं. कर्ज मिळालेली घरं मजुरीला कमी गेली, आणि गावात मजुरीचे दर वाढले. म्हणजे कर्ज न घेतलेल्या मजुरांनाही फायदा झाला.

मालीत सोरो यिरिवासो ही संस्था बायकांच्या गटांना शेतीसाठी असंच कर्ज देते, काढणीनंतर एकरकमी फेडीचं. साहेब, त्या कर्जासाठी जमिनीचा कागद लागत नाही.

नैरोबीकर

हे सगळं मका आणि शेती. होडीचं उत्तर अजून आलेलं नाही.

सरोवरकाठ

येतंय.

न्दुरू नावाचा किनारा आहे, किसुमूपासून फार लांब नाही. तिथल्या बायांनी २०११ च्या सुमारास जाबोया मोडायचं ठरवलं. होड्या बायकांच्या नावावर झाल्या, त्यांनी पुरुषांना खलाशी म्हणून कामाला ठेवलं. मासळीसाठी कुणापुढे हात पसरायचा नाही, उलट मजुरी आपण द्यायची. किनाऱ्यावरच्या बायकांच्या चालण्याबोलण्यात त्याने जो फरक पडला तो मी शब्दांत सांगू शकणार नाही. नैरोबीकर, तुम्ही म्हणता ते अक्षरशः खरं आहे: होडी बाईची झाली की रीत मोडते, आणि होडी पेटीतून आली नव्हती.

पण ती कर्जातूनही आली नव्हती. पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतल्या एकाच्या खटपटीने अनुदान मिळालं होतं. आणि २०२० मध्ये सरोवराचं पाणी चढलं, न्दुरू बुडालं, लोक घरं सोडून गेले, होड्यांचा धंदा मोडला. आता समजा त्या होड्या कर्जावर असत्या. गाव पाण्याखाली, शाळेत आसरा घेतलेला, आणि वर होडीचा हप्ता. एवढ्या मोठ्या वस्तूचा एवढा मोठा धोका बाईच्या एकटीच्या डोक्यावर टाकायला मी कधीच हो म्हणणार नाही. होडी, गोदाम, वाळवणीची उंच मांडणी, शीतपेटी हे अनुदानातून किंवा सरकारी पैशातून व्हायला हवं, आणि मालकी गटाची. कोरडवाहू, या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. काढणीपर्यंतचा मका, ओमेनाची पोती, खत, यासाठी हंगामाचं कर्ज. दवाखाना, फी, पौर्णिमेचा आठवडा, यासाठी पेटी.

साहेबांच्या पाच शिक्क्यांच्या मुद्द्यावर: तो खरा आहे आणि काही गटांनी त्यावर उपाय केला आहे. हिस्स्याची किंमत इतकी खाली ठेवतात की सर्वांत गरीब बाईलाही दोन-तीन घेता येतात. सगळे करत नाहीत. करायला हवं.

नैरोबीकर

अनुदान एकदा येतं. न्दुरूला आलं, शेजारच्या किनाऱ्याला आलं नाही. तिथल्या बायांनी आणखी किती वर्षं वाट बघायची? मला विमा जोडलेलं होडीचं कर्ज अजूनही जास्त रास्त वाटतं. पूर आला तर बाकी विम्यातून.

गटसखी

विमा असेल तर मीही नैरोबीकरांच्या बाजूने. पण गटाच्या नावावर, आणि गट मुरल्यावरच.

आणि ज्यांनी मूळ प्रश्न विचारला होता त्यांनी पंचवीस डॉलर द्यायचे की नाही, ते राहिलंच की.

सरोवरकाठ

नैरोबीकर, सरोवराची पातळी चढत असताना कोणती कंपनी त्या किनाऱ्यावरच्या लाकडी होडीचा विमा परवडेल अशा हप्त्यात उतरवेल, ते शोधून इथे लिहा. सापडली तर मी स्वतः त्या बायांपर्यंत घेऊन जाईन.

गटसखी, पंचवीस डॉलरचं असं. 'कीवा'च्या प्रत्येक कर्जाच्या पानावर परतफेड कशी होणार ते लिहिलेलं असतं: दरमहा, मुदतीच्या शेवटी, किंवा अनियमित. शेतीच्या किंवा मासळीच्या कर्जापुढे 'दरमहा' दिसलं तर पुढे जा. 'मुदतीच्या शेवटी' दिसलं आणि ती मुदत तिथल्या काढणीशी जुळत असली तर द्या. स्थानिक संस्था व्याज किती घेते तेही तिच्या पानावर दिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय बटण दाबू नका.